टास्क मॅनेजरमधला तो १०० टक्के

ऐकू येतंय का? बारीक कर्र कर्र चाललंय आतमध्ये. हा लॅपटॉप २०१२-१३ च्या सुमाराचा, थर्ड जनरेशन आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि वर विंडोज १०. असली मशीन्स घरोघरी आहेत, कुणाच्या तरी इंजिनिअरिंगच्या ऍडमिशनला घेतलेली आणि आता "हँग होतो रे" म्हणून कपाटात टाकलेली. हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली डिस्क, टाकली की हीच मशीन्स कशी पळायला लागतात ते आज बघूया. बरं, डेस्कटॉप दिसायला लागला म्हणजे चालू झाला असं पण नाही, क्रोमवर डबल क्लिक केलं की ते निळं गोल फिरतच बसतं.

आता टास्क मॅनेजर उघडूया, म्हणजे मशीनचा कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजचीच खिडकी. सीपीयू बघा, पंधरा-वीस टक्के, म्हणजे प्रोसेसर निवांत बसलाय. मेमरी साठ-सत्तर. आणि डिस्क? १०० टक्के, लालभडक. पण त्याच्याच खाली स्पीड बघा, जेमतेम एक-दोन एमबी पर सेकंद! हीच डिस्क एखादा मोठा पिक्चर कॉपी करताना शंभरच्या आसपास स्पीड देते, मग आत्ता काय झालं तिला?

झालं काही नाही, तिची बनावटच तशी आहे. लॅपटॉपची डिस्क बहुतेक ५४०० आरपीएमची असते, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्या, सेकंदाला ९०, एक फेरी ११ मिलिसेकंदांची. हवा असलेला डेटा हेडखाली, म्हणजे तबकडीवरून डेटा वाचणाऱ्या दांडीच्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धी फेरी जाते, धरा साडेपाच मिलिसेकंद, आणि त्याआधी हेड सरकून त्या ट्रॅकवर जायला बाराएक मिलिसेकंद. बेरीज सतरा-अठरा. म्हणजे इकडचे तिकडचे तुकडे मागितले तर एका सेकंदात साठच्या आतबाहेर देणार, प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला तर झाले २४० केबी! आणि विंडोज चालू होताना नेमके असलेच तुकडे मागते, हजारोंनी, त्यात अँटिव्हायरस मध्ये घुसतो, अपडेट मागे चालू असतं, सर्चचं इंडेक्सिंग वेगळंच, आणि हेड बिचारं सगळ्यांसाठी नुसतं धावत सुटतं. तो कर्र आवाज त्याचाच. १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क काढली तेव्हापासून मूळ गोष्ट तीच आहे, फिरती तबकडी आणि हलतं हेड.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. फ्लॅश मेमरी, जी तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ऐंशीच्या दशकात शोधली. तुकडा कुठेही असू दे, साधारण ०.१ मिलिसेकंदात मिळतो. साठच्या जागी हजारोंचा हिशोब सुरू होतो. म्हणून हाच लॅपटॉप, तोच प्रोसेसर, तीच रॅम, फक्त डिस्क बदलली आणि आता बघा... लॉगिन, डेस्कटॉप, क्रोम. माणसाला वाटतं नवीन मशीन घेतलं!

इथे एक शंका हमखास येते, की माझं मशीन कोअर टू ड्युओच्या जमान्यातलं, साटा टूवालं, म्हणजे डिस्क जोडायची जुनी, हळू पद्धत असलेलं, एसएसडीचा ५५० एमबी पर सेकंदचा स्पीड मिळणारच नाही मग कशाला पैसे घालू. नाही मिळणार, बरोबर आहे, अडीचशेच्या पुढेमागे अडकेल. पण तो स्पीड खोक्यावर छापायला असतो हो, फरक पडतो तो थांबणं संपल्यामुळे, आणि ते साटा टूवर पण संपतं.

आता जे बदलत नाही ते. व्हिडिओ एक्सपोर्ट करायला घ्या, बघा, सीपीयू १०० टक्के आणि डिस्क रिकामी. इथे एसएसडी काहीच करू शकत नाही. गेमचं लोडिंग लवकर होईल, एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, तेवढेच राहतील. नेट स्लो असेल तर ते स्लोच. आणि मेमरी कायम नव्वदच्या वर असेल तर रॅम पण वाढवा, डीडीआर थ्रीची जुनी स्टिक मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी केली तर मिळून जाते. रॅम भरली की विंडोज डिस्कवर लिहायला लागते, एसएसडी असली की ते कमी टोचतं एवढंच.

घेताना अडीच इंची साटा घ्या. ती च्युइंगगमच्या पट्टीसारखी एनव्हीएमई, म्हणजे नव्या जातीची एसएसडी, भारी दिसते पण या लॅपटॉपमध्ये तिला स्लॉटच नाही. आणि फुटपाथच्या भावात दोन टीबी कुणी देत असेल तर ती नकली समजा आणि हसून पुढे निघा.

खोलण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर, चालवून बघा. पिवळं दाखवलं म्हणजे डिस्क जायच्या मार्गावर आहे, आधी फोटो न् कागदपत्रं काढून घ्या, क्लोनिंगच्या, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवायच्या, नादी लागू नका, खराब सेक्टरवर ते बऱ्याचदा अडकतं. निळं, म्हणजे डिस्क ठीक, असलं तरी आमचं मत विचाराल तर फ्रेश विंडोजच टाका, दहा वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर कशाला ओतायचा.

फक्त कुठली विंडोज हा प्रश्न उरतोच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो, हा तर तिसऱ्यातला. ब्राउझर, टायपिंग, पोरांचे ऑनलाईन क्लास एवढंच काम असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून बघा, एसएसडीवर मस्त पळतं. पण टॅली किंवा श्रीलिपीसारख्या विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर पोट असेल तर हा खर्च करायच्या आधी दोनदा विचार करा, कदाचित ते पैसे दुसऱ्या मशीनसाठी ठेवलेले बरे.

आणि ती काढलेली ५०० जीबीची डिस्क, निळी असेल तर, यूएसबी केसिंगमध्ये घाला आणि बॅकअपला ठेवा. हार्ड डिस्क बऱ्याचदा आवाज करून, अडखळत मरते, एसएसडी मात्र काल चालू होती आणि आज बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, दिसतच नाही असं होऊ शकतं, आणि मग त्यातला डेटा काढणं महाग पडतं, कधीकधी निघत पण नाही.