काससाठी पाहुणे, दुपारी ऊन, रात्री गारठा: ऑक्टोबरचा स्वयंपाक मी कसा निभावते

नमस्कार मंडळी. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्यात, अजून दोन व्हायच्यात. बोलता बोलता वाजला तर दचकू नका.

आज ऑक्टोबरच्या जेवणाबद्दल बोलू. साताऱ्यात हा महिना मोठा लहरी. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही आणि रात्री अजिंक्यताऱ्याकडनं वारा सुटला की पोरं पांघरूण मागतात. म्हणजे दुपारी कुणाला जेवण जात नाही आणि रात्री सगळ्यांना गरमागरम हवं. त्यात नवरात्राचे उपास, मग कोजागरी, पाठोपाठ दिवाळी. आणि सातारकरांच्या मागं एक जादाचं लचांड आहे, कास! पश्चिम घाटाबरोबर कासचं फुलांचं पठार 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलं, आणि आमच्या लांबच्या नातेवाइकांना दर फुलांच्या हंगामात आमची आठवण यायला लागली. "फुलं बघतो आणि जेवायलाच येतो." किती जण, ते कुणी सांगत नाही.

पूर्वी मी सात वारांच्या सात भाज्या कागदावर लिहून फ्रिजला चिकटवायचे. तो कागद कधी बुधवारच्या पुढं टिकला नाही. भेंडी जून निघाली, कुणाचा डबा रद्द झाला, की सगळं ओंफस. आता मेनू ठरवतच नाही. रविवारी रात्री एवढंच ठरवते की काय भिजत घालायचं आणि काय कुटून ठेवायचं. भाजीचं त्या दिवशी मंडईत काय ताजं दिसेल त्यावर.

(शिट्टी) ही चौथी.

तर भिजवण. या दिवसांत आमच्याकडं घेवडा. हा बघा, जरा कॅमेऱ्याजवळ धरते. फिकट दाणा आणि त्यावर लाल रेघा, म्हणून वाघ्या घेवडा. आपल्या कोरेगाव तालुक्याचा, भौगोलिक मानांकन मिळालेला. नवा घेवडा पावसाळा सरताना बाजारात येतो आणि तो पटकन शिजतो. वर्षभर डब्यात राहिलेला दाणा मात्र अंत बघतो, म्हणून विकत घेताना नवा की जुना, एवढं विचाराच.

आम्ही घरात पाच माणसं. दोन वाट्या घेवडा दोन वेळेला पुरतो. धुवायचा, तिप्पट पाण्यात आठ-दहा तास भिजवायचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात ओट्यावर ठेवला तर सकाळी पाण्याला फेस आणि आंबूस वास येतो, तेव्हा एकतर मध्ये पाणी बदला नाहीतर पातेलं फ्रिजमध्ये ठेवा. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, नवीन पाण्यात शिजवायचं. आणि पूर्ण शिजवायचं. कच्चट राहिलेला घेवडा किंवा राजमा पोटाला खरोखर बाधतो, त्या दाण्यातच तसा गुण आहे. तो जातो खळखळून उकळल्यावर. नुसत्या कोमट आचेवर तासभर ठेवून भागत नाही.

आता माझी फजिती ऐका. दोन वर्षांपूर्वी असेच कासचे पाहुणे आले, नऊ जण. घेवडा जेमतेम दोन तास भिजलेला, त्यात मी शहाणपणा करून टोमॅटो आणि चिंच कुकरमध्येच घातली. आठ शिट्ट्या झाल्या, दाणा गोटीसारखाच! आंबट पडलं की दाण्याचं साल मऊच होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पाहुणे पिठलं-भाकरी खाऊन गेले आणि वर म्हणाले, अगदी गावाकडचं जेवण झालं. सासूबाई अजून ते सगळ्यांना सांगतात. तेव्हा आमसूल, चिंच, टोमॅटो जे काय असेल ते शिजल्यानंतर.

(शिट्टी) पाचवी. आता आच बारीक करते, दहा मिनिटं राहू दे.

शिजलेल्यातला अर्धा फोडणी न घालता फ्रिजमध्ये जातो. अर्ध्याची सोमवारी डब्याला सुकी उसळ. कांदा, कढीपत्ता, वरनं खोबरं, झालं. बुधवारी रात्री उरलेल्याचा रस्सा. कांदा तेलात चांगला लाल होऊ द्यायचा, मग आच कमी करून दीड चमचा चटणी. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगते, तुमची चटणी ताटात डावीकडं असते, आमची म्हणजे वर्षाचा भरून ठेवलेला कांदा-लसूण मसाला. ती करपली की कडू होते, म्हणून लगेच एक डाव घेवडा फोडणीत घालून तिथंच चेचायचा. रस्स्याला दाटपणा त्यानंच येतो. मग बाकीचे दाणे, शिजवलेलं पाणी, आमसूल, गुळाचा खडा. कराडकडं हायवेच्या ढाब्यांवर अख्खा मसूर मिळतो ना, साधारण त्याच वळणाचं. मसूर लवकर शिजतो, त्यामुळं भिजवायचं विसरलेल्या आठवड्यात मी सरळ मसूरच करते.

कुटण्यात शेंगदाण्याचं कूट. भाजताना एखादा दाणा काळपट दिसला, खवट किंवा बुरसट वास आला तर टाकून द्या, कसर करू नका. हेच कूट काकडीच्या कोशिंबिरीत, भाजीत आणि उपासाच्या आमटीत जातं. नवरात्रात आमच्याकडं सासूबाईंचा आणि माझा उपास, बाकी तिघांचा नाही. आधी मी दोन स्वयंपाक करायचे. आता भगर आणि दाण्याची आमटी जरा जास्तच टाकते, कारण उपास नसलेलेच ती आधी संपवतात.

लाल भोपळ्याचंही तसंच. उपासाच्या भाजीला फोडणी तूप-जिऱ्याची, मोहरी-हिंग नाही, आणि ती सगळेच खातात. उरलेला भोपळा किसून गुळात शिजवायचा, गार झाला की मावेल तेवढी कणीक, चिमूटभर मीठ, पाण्याचा थेंब नाही. त्याचे घारगे. शाळेतनं आलेल्या पोरांना दोन दिवस पुरतात. निदान पुरायला हवेत.

दुपारचं मी हलकं ठेवते. ज्वारीची भाकरी, दोडका किंवा पडवळ, काकडी. दह्यावरून आमच्यात वाद आहे. "शरदात दही नको, पित्त खवळतं," हे सासूबाईंचं. 'वैद्यानां शारदी माता' असं म्हणतातच, म्हणजे या ऋतूत वैद्यांची चलती. मला काही दह्यानं त्रास होत नाही, पण या महिन्यात मी विरजण कमी लावते, कारण दुपारपर्यंत ते आंबट ढाण होतं. भांडणही मिटतं.

उरलेल्या रात्री मुगाची खिचडी, वरण-भात. त्यात सांगण्यासारखं काही नाही, तुम्हाला येतं. ओल्या शेंगा मिळाल्या तर मीठ घालून उकडा आणि टोपलं मध्ये ठेवा, त्या रात्री जेवण अर्धंच लागतं.

चला, वाफ जिरली. झाकण काढते. हा एक दाणा घेतला, अंगठ्याखाली दाबला. बघा, साल शाबूत आणि आत लोणी. मधे टणक लागला असता तर परत दोन शिट्ट्या. आता यात आमसूल चालेल.