नववीच्या वर्गाने बांधलेली भिंत

नमस्कार. माझ्या हातातली ही पारदर्शक नळी कोणत्याही बांधकामावर दिसते. तिच्यात पाणी भरायचे, आतला हवेचा प्रत्येक बुडबुडा बाहेर काढायचा आणि तिची दोन टोके खोलीच्या दोन कोपऱ्यांत उभी धरायची. मध्ये नळीला कितीही वळसे पडले, तरी दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीला येऊन थांबते आणि तिथे खूण केली की जोत्याची पातळी ठरते. आठवीच्या विज्ञानात द्रवाच्या दाबाचा जो धडा असतो, तो गवंडी रोज सकाळी असा वापरतो. माध्यमिक शाळेत बांधकाम कसे शिकवावे, याविषयी आज बोलायचे आहे.

महाराष्ट्रात हा प्रयोग ज्यांनी मनापासून केला, त्यांत पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी उद्योगातील संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये तो सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे चारही विभाग सर्वांना शिकावे लागतात, मग विद्यार्थी मुलगा असो वा मुलगी. बांधकाम अभियांत्रिकीत येते. गावाला खरोखर हवे असलेले काम करता करता शिकायचे, हे त्यामागचे तत्त्व आहे आणि माझ्या मते सगळे यश त्यावरच अवलंबून आहे. सरावासाठी बांधून लगेच पाडायची भिंत थोडी कलली तरी कोणाचे काही अडत नाही; शाळेच्या हात धुण्याच्या ओट्याची भिंत मात्र सगळी शाळा रोज पाहणार असते, त्यामुळे मुले ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का हे पाहायचे दोरीला बांधलेले वजन, पुन्हा पुन्हा सोडून पाहतात.

आता दोन मीटर लांब, एक मीटर उंच आणि वीस सेंटीमीटर जाड भिंत घ्या. पहिल्या दिवशी वीट हातात घ्यायचीच नाही, आधी आखणी करायची. कोपऱ्यापासून एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजून त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवली की काटकोन साधतो, आणि मग त्या दोरीवरून फक्की, म्हणजे खुणेची पांढरी भुकटी, टाकायची. पायथागोरसचा सिद्धान्त वहीत न जमलेला मुलगाही इथे दोरी धरून सांगतो की कोपरा बाहेर गेला आहे.

त्यानंतर विटांचा हिशेब. १९ बाय ९ बाय ९ सेंटीमीटरची वीट एक सेंटीमीटरच्या सांध्यासह २० बाय १० बाय १० होते, म्हणून एका घनमीटरला ५०० विटा लागतात. आपल्या भिंतीचे घनफळ ०.४ घनमीटर, म्हणजे २०० विटा आणि वर तुटफुटीच्या काही. पण भट्टीगणिक वीट बदलते, तेव्हा मुलांनी आधी दहा विटा मोजून सरासरी काढावी आणि तीच हिशेबात घ्यावी.

विटा आधी भिजवाव्या लागतात, कारण कोरडी वीट मालातले, म्हणजे विटा जोडणाऱ्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणातले, पाणी शोषून घेते आणि सिमेंटला घट्ट होण्यासाठी हवे असलेले पाणीच उरत नाही. एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू या प्रमाणाचा माल लागेल तेवढाच कालवावा आणि अर्ध्या तासात संपवावा. ओले सिमेंट कातडी जाळते, म्हणून हातमोजे सक्तीचे असावेत आणि मुलांना उंचीवर चढवू नये. हे सारे शिकवायला गावातला अनुभवी गवंडीच बोलवावा, त्याला योग्य मानधन द्यावे आणि शिक्षकांसारखेच ‘सर’ म्हणावे.

आपल्या बांधकामांवर स्त्रिया आयुष्यभर घमेली वाहतात, पण थापी क्वचितच त्यांच्या हाती येते. शाळेत थापी आणि ओळंबा मुलींनाही मिळतो, आणि एवढ्या एका कारणासाठीही मी हा विषय प्रत्येक शाळेत मागेन. ‘पोराला गवंडी करायला शाळेत घातले का?’ असे विचारणाऱ्या पालकांना मी वर्गात येऊन बसण्याची विनंती करतो. गवंड्याचा जो मुलगा एरवी शेवटच्या बाकावर गप्प असतो, त्याला त्या दिवशी सगळा वर्ग विचारत असतो की माल किती सैल ठेवायचा.

शेवटी एक अडचण सांगतो. तास आठवड्यातून एकदाच असतो, पण बांधलेल्या भिंतीवर किमान सात दिवस पाणी मारावे लागते आणि त्यांत रविवारही येतो. म्हणून भिंत बांधण्याआधीच पाणी मारण्याच्या पाळ्या ठरवून तो कागद वर्गाच्या दारावर लावावा, आणि रविवारच्या रकान्यात शाळेजवळ राहणाऱ्या दोघांची नावे लिहावीत.