पान उलटून पाहा: बॉग रोजमेरी

आयर्लंडच्या ऑफली परगण्यातला हा क्लारा बॉग. बॉग म्हणजे दलदल. लाकडी पायवाटेच्या दोन्ही अंगांना स्फॅग्नम शेवाळाचे ओलेगच्च थर, आणि त्याखाली कित्येक मीटर खोल पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. इथे पाणी येतं ते पावसाचंच. त्यातून झाडांच्या पोटाला फारसं काही मिळत नाही.

शेवाळातून जेमतेम वीत-दीड वीत वर आलेलं हे झुडूप म्हणजे बॉग रोजमेरी, अँड्रोमेडा पॉलिफोलिया. मे महिन्यात इवल्या उपड्या मडक्यांसारखी गुलाबी फुलं लटकली, की ते कुणीही ओळखेल. कसोटी असते ती फुलं नसताना.

तेव्हा पान उलटायचं. अरुंद, चिवट, कडा खाली मुडपलेल्या. वरून निळसर हिरवं, खालून पांढुरकं; लव मात्र अजिबात नाही. तिथे तांबूस दाट लव दिसली, तर ते लॅब्राडोर टी नावाचं दुसरंच झुडूप. उत्तर अमेरिकेत बॉग लॉरेलशीही गल्लत होते. त्याची पानं समोरासमोर जोडीनं येतात, याची एकाआड एक. हिवाळ्यातही पानं गळत नाहीत, कारण नायट्रोजन इतका दुर्मीळ, की दरवर्षी सगळी पानं नव्यानं काढणं परवडत नाही.

नावात रोजमेरी असली तरी हे स्वयंपाकघरात न्यायचं नाही. यात ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं. रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात.

१७३२ साली लॅपलँडच्या दलदलीत वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं हे झुडूप पाहिलं आणि त्याला ग्रीक पुराणकथेतली, खडकाला साखळदंडानं बांधलेली राजकन्या आठवली. तीच अँड्रोमेडा, आकाशातली आपली देवयानी. रोजनिशीत त्यानं झुडपाचं आणि राजकन्येचं चित्रही काढलं. शास्त्रज्ञाला इतकी हौस असावी!

आता लागवड. दलदलीतल्या पाण्याचा सामू (pH) साधारण ४, म्हणजे पाणी आम्लधर्मी, म्हणून चुनखडीचं नळाचं पाणी वर्ज्य. पावसाचं साठवून घाला. माती आम्लधर्मी आणि कायम ओलसर. खताचा मोह टाळा. मुळांतली बुरशी अन्न मिळवून देते, आपल्या लाडानं झुडूप बिघडतं. आणि पीटची पिशवी आणू नका, ती अशीच एखादी दलदल खणून भरलेली असते. पाइनच्या सालीचं पीटविरहित मिश्रण चालतं.

नवं रोप हवं असेल, तर आडवी फांदी ओल्या शेवाळाखाली दाबून ठेवा. मुळं फुटली की कापून वेगळी करा.

डब्लिन किंवा टोरांटोत राहत असाल तर जरूर लावा. पुण्या-मुंबईत हा खटाटोप नको. उन्हाळा त्याला सोसायचा नाही.