अंतर नको, वेळ विचारा

नमस्कार श्रोतेहो. प्रवास ठरला की आपला पहिला प्रश्न असतो, अंतर किती? गाडीने जायचं असेल तर ठीक आहे. विमानाच्या बाबतीत मात्र नुसतं अंतर कळून फारसं काही हाती लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

लंडन ते न्यूयॉर्क हे साधारण साडेपाच हजार किलोमीटर. जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. म्हणजे सहा तासांत पोचायला हवं, नाही का? वेळापत्रक काढून बघा. न्यूयॉर्कला जाताना आठ तासांच्या आसपास आणि परत येताना जेमतेम सात. हा फरक वाऱ्याचा.

दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांना भलताच जोर येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. आत बसलेल्यांना वेगळं काही जाणवण्याचं कारण नव्हतं, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच चालीने जात होतं. अटलांटिकवरचे हवाई मार्गही म्हणूनच रोज वारा पाहून नव्याने आखतात.

याहून गंमत दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को उड्डाणाची. २०१६ मध्ये एअर इंडियाने अटलांटिकवरचा जवळचा मार्ग सोडून पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली. अंतर हजार किलोमीटरहून जास्त वाढलं आणि वेळ चक्क कमी झाला, कारण आता वारा पाठीशी होता.

कधी वारा नाही, तर राजकारण आडवं येतं. रशियाचं आकाश २०२२ मध्ये युरोपच्या विमानांना बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेला. दोन्ही शहरं होती तिथंच आहेत.

जवळच्या उड्डाणांचा हिशेब तर आणखी वेगळा. सिंगापूर ते क्वालालंपूर ३०० किलोमीटर. नऊशेच्या वेगाने वीस मिनिटं, पण वेळापत्रकात तासाभराहून जास्त! कारण छापलेली वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. विमान मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, उतरणं, पुन्हा गेट शोधणं, सगळं त्यात आलं. शिवाय कंपन्या थोडी सवड धरूनच वेळ लावतात. म्हणून उशिरा सुटलेलं विमानही कधी कधी वेळेवर टेकतं.

आता एक हिशेब. तिकिटावर लंडनहून सकाळी ११ ला सुटून न्यूयॉर्कला दुपारी २ ला उतरायचं असेल, तर हे तीन तास नव्हेत. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या. बहुतेक वर्षभर न्यूयॉर्क लंडनच्या पाच तास मागे असतं, ते मिळवा, आठ होतात. आणि कुणाला आणायला विमानतळावर जाणार असाल तर तिकिटावरची वेळ बाजूला ठेवा, त्या दिवशीचं विमान कुठवर आलंय ते फोनवर बघा आणि मग निघा.