रानातला न दिसणारा उजेड

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या निरंकाराच्या राईत भर दुपारी शिरलं तरी डोळे सरावायला वेळ लागतो. पायाखाली चिखल, त्यातून वर आलेली रानजायफळाची गुडघ्यासारखी मुळं, आणि डोक्यावर पानांचं दाट छत. आपण म्हणतो, इथे उजेडच नाही. मंडळी, तिथे उजेड भरपूर आहे. तो आपल्या डोळ्यांच्या वाट्याला आलेला नाही, एवढंच.

हिरवं पान निळा आणि तांबडा प्रकाश खातं. तांबड्याच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश मात्र हरितद्रव्याला शोषता येत नाही. पानाच्या आत पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या असतात, त्यांच्यावर आपटून तो विखुरतो. निम्म्याच्या आसपास परत फिरतो, उरलेला बराचसा पान ओलांडून खाली उतरतो. म्हणून अवरक्त टिपणाऱ्या फिल्मवर झाडं पांढरी उमटतात. रॉबर्ट वुड यांनी अशी छायाचित्रं १९१० मध्ये प्रसिद्ध केली आणि या परिणामाला त्यांचंच नाव मिळालं. पानाच्या उष्णतेचा इथे काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण तो गैरसमज फार आहे.

माझा कॅमेरा ४ बाय ५ इंचांच्या फिल्मचा. एक फिल्म म्हणजे ३५ मिमीच्या चौकटीच्या सुमारे १५ पट. काळ्या कपड्याखाली डोकं घालून, घासलेल्या काचेवर उलटं दिसणारं चित्र जुळवायचं. मग दिसणारा प्रकाश अडवून अवरक्त आत सोडणारा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर चढवायचा. तो लावला की काचेवर जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून सगळं आधीच ठरवायचं. अवरक्त किरण भिंगाच्या मागे जरा लांब एकवटतात, तेव्हा कॅमेऱ्याचा भाता किंचित ओढायचा आणि भिंगाचं छिद्र एफ २२ पर्यंत बारीक करायचं. कोडॅकची एचआयई ही अवरक्त फिल्म २००७ मध्ये बंद झाली. मी रोलाय इन्फ्रारेड वापरतो, तिची नजर साधारण ८२० नॅनोमीटरपर्यंत पोचते.

तांबडी सुर्लाच्या देवळापाशी, उघड्यावर, गणित सोपं. ऊन चांगलं असलं की अर्ध्या सेकंदात काम होतं. देवळामागचं निळं आभाळ जवळजवळ काळं येतं, कारण निळ्या आभाळातून अवरक्त फारच थोडं येतं.

राईत मात्र मी फसलो. गावकऱ्यांना विचारून आत गेलो, उजेड मोजायचा मीटर लावला, फिल्टरचा हिशोब केला, लांब एक्स्पोजरची भर घातली आणि सहा मिनिटं दिली. निगेटिव्ह इतकी दाट आली की बल्बसमोर धरली तरी आरपार दिसेना. म्हणजे उजेड फार जास्त झाला होता. चार फिल्म अशाच गेल्या. चूक मीटरची नव्हती. मीटर डोळ्यांसारखाच, त्याला दिसणारा प्रकाश मोजता येतो. वरच्या पानांनी तो गिळून टाकलेला, पण अवरक्त एकामागून एक पानांतून झिरपत जमिनीपर्यंत आलेलं. पुढच्या खेपेला वारा पडल्यावर दीड मिनिट दिलं.

तो हा प्रिंट. कडेला धरून हातोहात पुढे द्या. खाली डाव्या बाजूला बघा. मुळांच्या मधल्या साचलेल्या पाण्यात वरच्या पानांचं प्रतिबिंब पडलंय, तेवढंच पांढरं. आणि त्या मुळाशेजारी करंगळीएवढं रोप आहे, दोनच पानांचं. मी तिथे तासभर उभा होतो, पण ते मला दिसलं नव्हतं. फिल्म धुतल्यावर दिसलं.