ओरडू नका, मायक्रोफोन जवळ घ्या

नमस्कार श्रोतेहो. वळवाच्या दिवसांत मीडियम वेव्हवर सांगली केंद्र ऐकताना वीज चमकली की रेडिओत खर्रकन आवाज होतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. वैमानिक आणि विमानतळाचा टॉवर यांचं बोलणं आजही मीडियम वेव्हच्याच पद्धतीनं, म्हणजे आवाजाप्रमाणे लहरीचा जोर कमीजास्त करणाऱ्या एएम पद्धतीनं चालतं. त्यांचा पट्टा वेगळा, 118 ते 137 मेगाहर्ट्‌झचा, आणि तिथे विजेची खरखर बरीच कमी. पण लहान विमानाच्या कॉकपिटमध्ये इंजिनाचा आवाजच 90 डेसिबलच्या आसपास असतो. वायुदलात मी विमानातले रेडिओ दुरुस्त करायचो. 'आवाज येतोय, पण शब्द कळत नाही' ही तक्रार तिथे नेहमीची. अशा वेळी लोकांचा हात आधी व्हॉल्यूमकडे जातो. दोष बहुतेकदा तिथे नसतोच.

बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो आणि अर्थ मुख्यतः व्यंजनांमध्ये. गोंगाटात 'आ' स्वच्छ ऐकू येतो, पण बोलणारा पाट म्हणाला, ताट म्हणाला की खाट, ते कळत नाही. त्यात विमानाचा रेडिओ साधारण 300 ते 3000 हर्ट्‌झच्या आतलाच आवाज पुढे पाठवतो. 'स'ची बहुतेक ताकद 4000 च्या वर असते, म्हणजे तो वाटेतच अर्धामुर्धा गळतो. आणि माणूस ओरडला की स्वर वाढतात, व्यंजनं त्या मानानं वाढत नाहीत. गोंगाटात आवाज आपोआप चढतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी 1911 मध्ये दाखवलं होतं. म्हणून हेडसेटमध्ये वैमानिकाला त्याचा स्वतःचा आवाजही थोडा ऐकवतात. तो नीट जुळवला की माणूस ओरडत नाही. जास्त झाला, तर मात्र तो पुटपुटायला लागतो.

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पडतो तो मायक्रोफोनपाशी. हेडसेटच्या मायक्रोफोनला पुढून आणि मागून, दोन्हीकडून भोकं असतात. इंजिनाची घरघर दोन्हीकडून जवळपास सारख्याच जोरानं आत शिरते आणि आतल्या पडद्यावर दोन्हीकडचा जोर एकमेकांना मारतो. तोंडातला आवाज मात्र पुढच्या भोकातून जास्त जोरात येतो, म्हणून तो टिकतो. पण हे केव्हा? मायक्रोफोन ओठांना जवळजवळ टेकलेला असेल तेव्हा. तो हनुवटीखाली सरकला, चार बोटं लांब गेला, की बोलणंही दोन्हीकडून सारखंच शिरतं आणि महागड्या हेडसेटचा उपयोग संपतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात लिकलायडर नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मजेशीर गोष्ट तपासली. बोलण्याच्या लहरींची उंच टोकं छाटून टाकली, तर आवाज कर्कश होतो, पण शब्द कळतात. स्वर छाटले जातात, व्यंजनं त्यांच्या बरोबरीला येतात आणि तेवढ्याच ताकदीचा ट्रान्समीटर जास्त लांबवर समजतो. अट एकच: आत येणारा आवाज स्वच्छ हवा. गोंगाटासकट छाटलं तर गोंगाटही मोठा होतो. म्हणजे पुन्हा मायक्रोफोनच!

कानाच्या बाजूनंही मोठं काम झालं आहे. अमर बोस हे स्पीकर बनवणाऱ्या अमेरिकेतल्या बोस कंपनीचे संस्थापक; त्यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक होते. 1978 मध्ये विमानप्रवासात अमर बोस यांना सुचलं की घरघरीच्या बरोबर उलटी लहर कानापाशी सोडली तर घरघर मावळेल. 1989 मध्ये त्यांच्या कंपनीचा तसा हेडसेट वैमानिकांसाठी बाजारात आला.

यंत्रं सुधारली तरी शिस्त लागतेच. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावरच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं आदळली. 583 माणसं गेली. 'थांबा, मी सांगतो' असं टॉवर म्हणत होता आणि त्याच क्षणी दुसरं विमान 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असं सांगत होतं. दोघांनी एकदमच बटण दाबलं होतं. उड्डाणाच्या घाईत असलेल्या विमानाला त्या महत्त्वाच्या शब्दांच्या जागी नुसती शिट्टी ऐकू आली. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असं ठरलं. सूचना कळली तर 'ओके' म्हणून भागत नाही, ती पूर्ण परत म्हणून दाखवावी लागते. बटण दाबून क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिलं अक्षर तुटतं. मिनिटाला 100 शब्दांच्या वर जायचं नाही. आकडे सुटे बोलायचे, आणि 'नाइन'चं 'नाइनर' करायचं, म्हणजे तो 'फाइव्ह' वाटत नाही.

आकडे सुटे बोलायचा हा नियम आपल्या सांगली जिल्ह्यात तर आजपासून वापरता येईल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. पुराच्या रात्री बोटीच्या इंजिनाशेजारी उभं राहून कुणी वॉकीटॉकीवर 'त्रेचाळीस' म्हणालं आणि पलीकडे 'त्रेपन्न' ऐकू आलं तर? किंवा त्याच्या उलट झालं तर? दोन्हींची सुरुवात एकच, आणि शेवट इंजिनात बुडालेला. बोटीवर जाणाऱ्या तरुणांनो, संच ओठांजवळ धरा, इंजिनाकडे पाठ करा, बटण दाबून क्षणभर थांबा आणि 'चार, तीन फूट' असं सुटं सांगा. पलीकडच्यानं ते तसंच परत म्हणेपर्यंत संच खाली ठेवू नका.