बांधावर पिकणारं खत

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. आज बोलायचं आहे गिरिपुष्पाबद्दल, म्हणजे ज्याच्या पाल्याचं खत होतं त्या झाडाबद्दल. काही भागांत याला उंदीरमारी म्हणतात.

सांगोला, मंगळवेढा, जत, माण हा सगळा शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा पट्टा. दावणीला जनावरं कमी झाली, विकतचं शेणखत परवडत नाही. कणीस खळ्यावर जातं, कडबा गंजीला लागतो. रानातून सगळं बाहेर जातं आणि रानाला परत काहीच मिळत नाही. मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून येणारा कस, घटतो तो असा.

पिकात झाडांच्या ओळी लावून त्यांचा पाला तिथंच मातीत घालायचा, ही पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी आहे. नायजेरियातल्या इबादानच्या संशोधन संस्थेत 1970 च्या दशकात तिच्यावर मोठं काम झालं. फिलिपिन्समध्ये मिंडानाओच्या डोंगरउतारांवर चार-पाच मीटरवर अशा दाट दुहेरी ओळी लावून वाहून जाणारी माती अडवली. पण इबादानला वर्षाला 1200 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या पट्ट्यात 500 च्या आसपास. इथं रानाच्या मधोमध झाडं लावली, तर पोटरीत आलेल्या, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात असलेल्या शाळूच्या तोंडचं पाणी तीच ओढतील. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे, कोरडवाहू रानात ही ओळ बांधावरच हवी.

बांधासाठी गिरिपुष्पच का? हे शेंगवर्गीय झाड आहे, मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र घेतं. त्याच्या पाल्याला उग्र वास असतो, त्यामुळे मोकाट जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. आपल्याकडे रोप जगण्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे.

आता हिशोब बघा. एक टन ओल्या पाल्यातून साधारण 6 किलो नत्र मिळतं. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात ते 20 किलोच्या वर असतं. म्हणजे एका पोत्याच्या बरोबरीला तीन टनांच्या वर पाला लागेल. एवढी मेहनत कशासाठी, असं कुणी विचारेल. युरिया फक्त नत्र देतो. पाल्यानं माती भुसभुशीत होते, गांडुळं येतात, ओल जास्त दिवस टिकते. शाळू तर सगळा जमिनीतल्या ओलीवरच येतो! मात्र पाल्यात स्फुरद फार थोडं असतं, तेव्हा सुपर फॉस्फेट बंद करू नका.

पहिलं वर्ष रोपाला हात लावायचा नाही. दुसऱ्या पावसाळ्यापासून, फांदी अंगठ्याएवढी झाली की कोयत्याचा तिरपा घाव घालून गुडघ्याच्या वर खुंट राखायचा. कापलेला पाला त्याच दिवशी रानात पसरून कुळवाची पाळी द्या. बांधावर वाळत पडला की पानं तिथंच झडतात. ओल असली तर दोन-तीन आठवड्यांत पान मातीत मिसळतं, काड्या तेवढ्या हाताला लागतात. शाळूची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते, म्हणून पाला ऑगस्टअखेर मातीत गेलेला बरा. छाटणी राहिली तर बांधाकडची दोन-तीन तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, सावलीनं खुरटतात, आणि मग लोक झाडालाच दोष देतात.

अजून एक. बांध बहुतेक वेळा सामाईक असतो, आणि बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या आपण पाहतो. लावायच्या आधी शेजाऱ्याशी बोलून घ्या. त्याच्या बाजूच्या फांद्यांचा पाला त्याच्या रानात जाईल, हे तेव्हाच ठरवा.

लागवड फांदीच्या तुकड्यापासूनही होते, पण बियाणाच्या रोपाचं मूळ खोल जातं. आपल्या पावसाला तेच चांगलं. शेंगा उन्हाळ्यात तडकायच्या आत उतरवा. बी रात्रभर पाण्यात भिजवून पिशव्यांत लावा आणि चांगला पाऊस झाला की बांधावर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर रोपं लावा.

नमस्कार.